कोळशातून निघालेले भांडवल

गेल्या दहापंधरा वर्षांत युरोप-अमेरिकेतील विद्यापीठे, धर्मसंस्था, पेन्शनचे निधी व नगरपालिका यांनी कोळसा, खनिज तेल व वायू यांच्या कंपन्यांतील आपले भाग विकून टाकण्याची एक चळवळ चालविली आहे. तिच्या वार्ता आपल्याकडे येतात त्या बहुधा परदेशी नवलाईच्या वार्ता म्हणून. वाचणारा मनाशी म्हणतो, ‘ज्यांची पोटे भरली त्यांस ही सोवळी सुचतात, आपणास काय त्याचे?’ नामपुरासारख्या मोसमकाठच्या गावी बसून लिहिताना आम्हांसही हा प्रश्न टाळता येत नाही. तथापि कोळशाकडून भांडवल फिरविण्याचा एक मोठा प्रयोग याच महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या माथ्यावर, शंभर वर्षांमागे होऊन गेलेला आहे. त्याचा जमाखर्च मांडल्यावाचून आजच्या चळवळीविषयी अनुकूल वा प्रतिकूल मत देणे हे आम्हांस घाईचे वाटते.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी सन १८५४ मध्ये काढली. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा या भागांत चिमण्यांचे रान उभे राहिले. परंतु ज्या कोळशावर हे रान वाढले तो मुंबईच्या आसपास शंभर कोसांत कोठेही नव्हता. तो राणीगंज व झरियाकडून हजार मैलांहून अधिक वाट तुडवून यावयाचा, नाहीतर इंग्लंडातून वा नाताळातून जहाजाने. मध्यप्रांतात वरोऱ्याची खाण होती खरी, पण आगी व खचणारी जमीन यांमुळे ती सन १९०६ मध्ये बंद पडली. धुराचा उपद्रव तर इतका वाढला होता की, सन १९१२ मध्ये सरकारास त्याकरिता स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणजे महाग इंधन व काळे आकाश ही दोन्ही दुखणी मुंबईस एकाच वेळी जडलेली होती.

त्यावर जमशेटजी टाटा यांनी जो उपाय योजिला तो सर्वांस ठाऊक आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात कोसळणारे पाणी तलावांत अडवावे, नळांतून सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीस उतरवावे, आणि त्या वेगावर वीज करून ती मुंबईच्या गिरण्यांस विकावी, अशी ती कल्पना होती. जमशेटजी सन १९०४ मध्ये वारले; त्यांच्या मागे सर दोराबजी यांनी ती पुढे नेली. सन १९१० च्या नोव्हेंबरात टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी नोंदली गेली, ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते धरणाची कोनशिला बसली, व सन १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईस पोहोचली. त्या काळी या विजेस ‘पांढरा कोळसा’ म्हणत. हे नाव आज विस्मृतीत गेले आहे, पण ते फार बोलके होते. काळ्यास सोडून पांढऱ्यास धरावयाचे, एवढे त्या दोन शब्दांत येऊन जात असे.

या उद्योगाचा आमच्या विषयाशी संबंध आहे तो त्याच्या भांडवलामुळे. लंडनच्या पेढ्यांवर विसंबून न राहता दोराबजींनी तो पैसा हिंदुस्थानातच उभा केला. संस्थानिकांनी भाग घेतले, व्यापाऱ्यांनी घेतले. गिरणीमालकांपुढचा प्रश्न याहून कठीण होता. ज्याच्या गिरणीत बॉयलर व इंजिन बसलेले, त्याने ते मोडीत काढून दुसऱ्याच्या तारेवर अवलंबून राहावयाचे, म्हणजे घातलेला पैसा बुडीत लिहावयाचा. तरीही एकामागून एक गिरण्यांनी ते केले. त्यात पुण्यबुद्धी नव्हती, हिशेब होता. आम्हांस हिशेब ही हलकी गोष्ट वाटत नाही. हवेच्या प्रेमाने जितका कोळसा जगात जळावयाचा राहिला असेल, त्याहून कितीतरी अधिक तो महाग पडला म्हणून राहिला आहे. मात्र सर्वांनीच असे केले असे नाही. जी. आय. पी. रेल्वेने मुंबईहून पुण्याकडे व इगतपुरीकडे विजेच्या गाड्या चालविल्या, पण त्यांच्यासाठी ठाकुर्लीजवळ चोळे येथे आपले निराळे कोळशाचे वीजघर बांधले.

येथपर्यंतची कथा टाटांच्या चरित्रकारांनी पुष्कळ वेळा सांगितलेली आहे. ती येथेच थांबती तर आम्हीही हा लेख ‘पाहा, आमच्या पूर्वजांनी हे आधीच केले’ अशा सुरात संपविला असता. परंतु खोपोलीनंतर भिवपुरी, आणि भिवपुरीनंतर भिरा. आणि भिऱ्याच्या वीजघरास पाणी पाहिजे म्हणून निळा व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीचे धरण आले.

मुळशी पेठ हे मावळचे भाताचे खोरे. ते पाण्याखाली जावयाचे म्हणजे पन्नासांहून अधिक गावे उठवावयाची. सन १८९४ च्या जमीन-संपादनाच्या कायद्याने सरकारास खाजगी कंपनीकरिताही जमीन घेता येत असे, आणि कंपनीच्या माणसांनी तर परवानगी विचारण्याआधीच शेतांतून खड्डे खणावयास आरंभ केला होता. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर बसून सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पुण्याहून वि. म. भुस्कुटे, पां. म. बापट इत्यादी कार्यकर्ते त्यांस मिळाले, व बापटांस ‘सेनापती’ ही पदवी लाभली ती याच लढ्यात. गांधींनीही ‘यंग इंडिया’त टाटांस फेरविचाराची विनंती केली. काम काही काळ थांबले, मग पुन्हा सुरू झाले; पुन्हा सत्याग्रह, पुन्हा तुरुंग. सन १९२४ च्या सुमारास चळवळ मोडली, आणि आगगाडी अडविल्याबद्दल बापटांस सात वर्षांची सजा झाली. सन १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर चालू झाले.

या लढ्याचा अभ्यास प्रा. राजेंद्र व्होरा यांनी फार कसून केला आहे, व त्यांच्या ग्रंथातील एक गोष्ट विसरण्याजोगी नाही. मुळशीतील पुष्कळ जमीन कागदोपत्री मावळ्यांची राहिलेली नव्हती. ती पुण्यातील सावकारांकडे गेलेली होती. जेव्हा नुकसानभरपाईचा आकडा वाढू लागला तेव्हा या सावकारांचे चित्त आंदोलनावरून उडाले व आकड्यावर बसले. पैसा ज्याच्या नावावर त्याने तो घेतला. घाम ज्याचा त्यास डोंगरकपारीत नवे घर शोधावे लागले. पुण्याच्या सुशिक्षितांतही तट पडले. स्वदेशी भांडवल, स्वदेशी उद्योग, कोळशाची बचत, मुंबईच्या मजुरांस काम, ही धरणाच्या बाजूची कारणे खोटी नव्हती. मावळ्यांची कारणेही खोटी नव्हती. फरक एवढाच की पहिल्या कारणांस गव्हर्नरांच्या सभेत आसन मिळाले व दुसऱ्या कारणांस येरवड्याच्या तुरुंगात.

आज अमेरिकेतील एखादे विद्यापीठ आपले भाग विकते तेव्हा ‘पैसा कोठून काढावा’ एवढेच विचारले जाते. मुळशीने त्यास ‘तो कोठे घालावा, आणि तेथे आधीपासून कोण राहतो’ ही जोड दिली. त्या जोडीवाचून पहिला प्रश्न अर्धाच राहतो, आणि अर्ध्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यास महागात पडते.

स्वातंत्र्यानंतर काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातील वळण फार विलक्षण असले तरी तपशील रूक्ष आहे. ‘पांढरा कोळसा’ पुरेना. कोयनेचे मोठे जलविद्युत-केंद्र १९६० च्या दशकात उभे राहिले, परंतु मागणी त्याहून वेगाने वाढली. ज्या टाटांनी कोळसा सोडला होता त्यांनीच सन १९५६ मध्ये तुर्भ्यास औष्णिक केंद्र चालू केले. कोळशाच्या खाणी १९७० च्या दशकाच्या आरंभी सरकारने आपल्याकडे घेतल्या व सन १९७५ मध्ये कोल इंडिया ही कंपनी स्थापन झाली. आमच्या जिल्ह्यात नाशिकनजीक एकलहरे येथे सन १९७० व १९७१ मध्ये प्रत्येकी १४० मेगावॉटचे दोन, आणि सन १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच बसले. विदर्भातील कोळसा रेल्वेने त्यांच्याकडे येऊ लागला. नामपूरच्या विहिरीवरचा पंप फिरला तो बहुतांशी याच काळ्या कोळशाच्या जोरावर, हे विसरून पर्यावरणाच्या गप्पा मारणे आम्हांस शोभणार नाही.

कळस झाला तो मुंद्र्यास. कच्छच्या किनाऱ्यावर टाटांच्या कंपनीने ४,००० मेगावॉटचे केंद्र उभारले. त्यास जागतिक बँकेच्या कुटुंबातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने सन २००८ मध्ये ४५ कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर केले. किनाऱ्यावरील मच्छीमारांनी समुद्राचे पाणी तापते, मासळी जाते, राख उडते, अशी तक्रार प्रथम महामंडळाच्याच लोकपालाकडे नेली. तेथील चौकशीचा अहवाल बराचसा त्यांच्या बाजूचा असूनही हाती काही लागेना, तेव्हा त्यांनी अमेरिकेत दावा लावला. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, अशा महामंडळास न्यायालयापासून संपूर्ण अभय नाही. पुढे तो दावा खालच्या न्यायालयांत टिकला नाही ही गोष्ट निराळी. पण धनको हा केवळ धनको असतो, त्याच्या पैशाने झालेल्या कामाशी त्याचा संबंध नसतो, ही समजूत एका बुधा इस्माईल जाम नावाच्या कच्छी मच्छीमाराच्या दाव्याने वॉशिंग्टनच्या न्यायासनासमोर तपासली गेली, याचे महत्त्व आम्हांस मोठे वाटते. पुढे याच कंपनीने कोळशाची नवी केंद्रे उभारणार नाही असे जाहीर केले. खोपोली, तुर्भे, मुंद्रा व पुन्हा माघार, असा हा एका घराण्याच्या भांडवलाचा शतकभराचा प्रवास आहे.

आता परदेशातील चळवळीकडे येऊ. भांडवल काढून घेण्याचे हत्यार नवे नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध अमेरिकेतील हॅम्पशायर कॉलेजने सन १९७७ मध्ये ते उपसले आणि सन १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यास मोठे वजन दिले; त्याच्याही आधी, सन १९४६ मध्ये, हिंदुस्थानने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला होता. खनिज इंधनांकडे हे हत्यार वळले ते सन २०१० नंतर. सन २०१२ मध्ये मेन प्रांतातील युनिटी कॉलेज या लहानशा संस्थेने प्रथम तसा ठराव केला. त्याच वर्षी बिल मॅकिबेन यांनी एका लेखात असे गणित मांडले की, पृथ्वीची उष्णता मर्यादेत ठेवावयाची तर आणखी सुमारे ५६५ अब्ज टन कर्बवायू सोडता येईल. परंतु कंपन्या व राष्ट्रे यांनी आपल्या साठ्यांत जमा धरलेल्या इंधनातून निघेल तो २,७९५ अब्ज टन. म्हणजे पाच भागांतील चार भाग जमिनीतच राहावयाचे, आणि त्यांच्या भरवशावर ठरलेल्या भागांच्या किमती हवेत तरंगणाऱ्या. हे गणित वाचून विश्वस्तमंडळे चपापली. सन २०१४ मध्ये रॉकफेलर बंधूंच्या निधीने, म्हणजे स्टँडर्ड ऑइलच्या तेलावर पोसलेल्या घराण्याच्याच धर्मादाय संस्थेने, हा मार्ग धरला. नॉर्वेच्या पार्लमेंटाने सन २०१५ मध्ये आपल्या प्रचंड राष्ट्रीय निधीस कोळशातून बाहेर काढण्याचे ठरविले. त्या निधीचा उगम तेलातच आहे हा विनोद नॉर्वेजियनांसही ठाऊक आहे. आयर्लंडने सन २०१८ मध्ये कायदा केला. हार्वर्डने पुष्कळ आढेवेढे घेऊन सन २०२१ मध्ये मान तुकविली.

याचा परिणाम काय? सन २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या काही अभ्यासकांनी स्पष्ट सांगितले की, थेट परिणाम अल्प असणार. एकाने विकलेला भाग दुसरा घेतो. खरी धार आहे ती कलंकाची. तंबाखूच्या कंपनीत पैसा ठेवणे जसे प्रतिष्ठितास लाजिरवाणे झाले, तसे कोळशाचे होईल. लाजेने धंदे बुडत नाहीत, पण त्यांस कर्ज महाग होते; आणि कर्ज महाग झाले की धंदा बुडू शकतो. हा सावकारी व्यवहार आमच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. तरीही जगात कोळशाचा खप अजून उतरलेला नाही, आणि सन २०२४-२५ या वर्षात आपल्या देशाचे कोळशाचे उत्पादन प्रथमच १०० कोटी टनांच्या पलीकडे गेले, हे सत्य कोणत्याही उत्साहाच्या भरात लपवू नये.

नामपुराचा यात संबंध काय, असा प्रश्न आरंभी घेतला होता. आमच्या गावात विद्यापीठ नाही, राष्ट्रीय निधी नाही. पण विम्याचा हप्ता भरणारी घरे आहेत, आणि कोल इंडियाच्या मोठ्या भागधारकांत सरकारच्या खालोखाल आयुर्विमा महामंडळ गणले जाते. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीतील पैसा सन २०१५ पासून काही अंशी भागबाजारात जातो, आणि त्यातील एक वाटा सरकारी कंपन्यांच्या ज्या गठ्ठ्यात पडतो त्यात कोळसा, तेल व औष्णिक वीज यांच्याच कंपन्यांचे प्राबल्य आहे. पतपेढी, सोसायटी, शिक्षणसंस्था यांच्या ठेवी बँकेत, आणि बँकांची कर्जे वीजकेंद्रांत. येणेप्रमाणे कांद्याच्या पट्टीचे पैसे फिरत फिरत चंद्रपूरच्या खाणीत उतरत असतील. ज्याने ते ठेवले त्यास कोणी विचारले नाही, आणि त्यानेही कधी विचारले नाही.

न विचारण्याची किंमत किती पडते याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. सिन्नर येथे १,३५० मेगावॉटचे कोळशाचे केंद्र खाजगी कंपनीने बांधले. यंत्रे बसली, चिमणी उभी राहिली. परंतु वीज घेणारा करार व कोळसा आणणारा रेल्वेमार्ग यांच्या अभावी ते वर्षानुवर्षे धूर न काढता उभे होते, आणि अखेर प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. कर्ज मुख्यतः सार्वजनिक वित्तसंस्थांचे. सन २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जासमितीने अशा अडचणीत आलेल्या ३४ औष्णिक प्रकल्पांची, सुमारे ४० हजार मेगावॉटची, यादी दिली होती. हवामानाचा विचार क्षणभर बाजूस ठेवला तरी, विश्वस्त म्हणून ज्याच्या हाती दुसऱ्याचा पैसा आहे त्याने अशा धंद्यात तो किती ठेवावा, हा प्रश्न निव्वळ व्यवहाराचाही आहे. मुंबईचे गिरणीमालक सन १९१५ मध्ये ज्या दाराने कोळशातून बाहेर पडले ते हेच दार.

काढलेला पैसा कोठे जातो, तेही आम्हांस डोंगर ओलांडून पाहता येते. नामपुराहून साक्रीकडे जाणारा रस्ता धरला की तालुका बदलतो. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीने जर्मन सरकारी बँकेच्या कर्जातून १२५ मेगावॉटचे सौर केंद्र उभारले. ते सन २०१३ मध्ये चालू झाले. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग त्याहून जुनी आहे. तेथे भांडवल आले ते बव्हंशी करात सवलत मिळते म्हणून, आणि त्याच्यामागोमाग वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींचा तंटाही आला. वाऱ्यास वास नाही, धूर नाही. पण खांब रोवावयास जमीन लागते, आणि जमीन कोणाची तरी असते. मुळशीचे पाणी अशा रीतीने साक्रीच्या कोरड्या पठारावर पुन्हा चढलेले आम्ही पाहतो.

मोसम, आराम व पांझरा या नद्यांवर तीनचारशे वर्षे चालत आलेली फड पद्धती या खोऱ्यांतील लोकांस सांगावयास नको. नदीवर बंधारा, बंधाऱ्यावरून पाट, पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड, आणि प्रत्येक फडात त्या सालास एकच पीक. पाट दुरुस्त करावयाचे काम सर्वांचे, पाणी सोडणारा माणूस सर्वांनी नेमलेला. यातील मर्म असे की, खातेदाराची जमीन शक्यतो सर्व फडांत वाटलेली असे. ज्या वर्षी पाऊस ओढ देई त्या वर्षी एखादा फड कोरडा सोडीत. पण त्याचा तोटा एकाच्याच माथी न पडता थोडाथोडा सर्वांवर पडे. कोणी शहाण्याने ग्रंथ लिहून ही योजना केली नव्हती, आणि अलीकडे मोठ्या धरणांच्या व विहिरींच्या काळात ती ठिकठिकाणी मोडकळीसही आली आहे. परंतु ‘सोडावयाचे ते कोणी सोडावयाचे’ या प्रश्नास तिने जे उत्तर दिले होते, तितके नेमके उत्तर अजून कोणत्याही विद्यापीठाच्या ठरावात आमच्या पाहण्यात आलेले नाही. हार्वर्डचा फड कोरडा सोडला तर हार्वर्डचे काही बुडत नाही.

एकलहऱ्याचा फड मात्र कोरडा सोडला जात आहे. तेथील पहिले दोन संच सन २०११ मध्ये बंद झाले. त्यांच्या जागी ६६० मेगावॉटचा नवा संच बसवावा ही मागणी कामगारांनी व आसपासच्या गावांनी वर्षानुवर्षे लावून धरली, त्यास तत्त्वतः संमती मिळाल्याच्या वार्ताही आल्या, पण तो उभा राहिला नाही. उरलेल्या तीन २१० मेगावॉटच्या संचांस चाळीस वर्षे उलटून गेली आहेत. ज्यांच्या बापांनी केंद्रासाठी जमिनी दिल्या त्यांची मुले तेथे कंत्राटावर राख वाहतात, आणि केंद्र गेले तर आमचे काय, असे मोर्चा काढून विचारतात. मुळशीच्या मावळ्यास वीज नको होती, एकलहऱ्याच्या मजुरास ती पाहिजे आहे. एकास केंद्र येण्याची भीती होती, दुसऱ्यास ते जाण्याची आहे. दोघांच्या अर्जावरचा शेरा मात्र अजून एकाच हातचा दिसतो: ‘नोंद घेतली.’